तुम्ही विचारलंत म्हणून: साधं गिट पुरत नाही का?

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. त्यावर काम करताना स्क्रीन शेअर केली की कोणी ना कोणी विचारतंच, हे "गिट अमुक" काय टाइप केलंत, आमच्याकडे तर अशी कमांडच नाही, आणि लगेच पुढचा प्रश्न, साधं गिट पुरत नाही का तुम्हाला. आवाजावरून कळतं. काहींना खरंच शिकायचं असतं, पण बहुतेकांना म्हणायचं असतं की बाईंना मूळ गिट येत नाही म्हणून ह्या कुबड्या. तर आता एकदाच लिहिते, पुढच्या वेळी विचाराल तेव्हा हेच पाठवीन.

आधी हे सांगा, साधं गिट म्हणजे नेमकं कुठलं? तुम्ही दिवसभर वापरता ते गिट स्टॅश (अर्धवट काम तात्पुरतं बाजूला ठेवणारी कमांड) 2019 पर्यंत एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे कमांड लिहिलेली साधी फाइल, होतं हो, गिटच्या 2.22 आवृत्तीत ते सी भाषेत आलं. स्विच आणि रिस्टोर ह्या कमांड त्याच वर्षी 2.23 मध्ये आल्या, त्याआधी चेकआउटच शाखाही (कामाची वेगळी वाट) बदलायचं आणि फाइलमधले बदलही उडवायचं, आणि तेव्हा ज्यांनी स्वतःपुरती वेगळी स्क्रिप्ट लिहिली त्यांना हेच ऐकवलं जायचं की साधं पुरत नाही का. पाथमध्ये (मशीन कमांड शोधतं त्या फोल्डरांमध्ये) "गिट-" ने सुरू होणारी कुठलीही चालणारी फाइल टाका, ती गिटची कमांड म्हणून चालते. प्लगिनची नोंदणी नाही, परवानगी नाही, काही नाही. ज्यांनी गिट बनवलं त्यांनीच हे दार उघडं ठेवलंय, मी खिडकीतून शिरलेले नाही.

बरं, वापरते काय काय? खरं सांगायचं तर आता फार काही उरलेलं नाही. डिफ, म्हणजे काय बदललं तो फरक, नीट रंगीत दिसावा म्हणून डेल्टा, हिस्ट्री चाळायला टिग, आणि ऍब्सॉर्ब, त्याबद्दल खाली. एके काळी गिट-एक्स्ट्राजचं अख्खं गाठोडं होतं, त्यात पन्नासावर कमांड आहेत आणि मी जेमतेम चार-पाच वापरायचे, बाकीच्यांची नावं टॅब दाबल्यावर येतात म्हणून बरं वाटायचं. शिवाय स्वतःच्या स्क्रिप्ट. मर्ज झालेल्या, म्हणजे मुख्य शाखेत मिसळलेल्या, शाखा साफ करणारी एक होती, ती जवळपास सगळेच लिहितात आणि सगळ्यांचीच तिथेच अडते, कारण टीम स्क्वॉश मर्ज (शाखेतले सगळे कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, एकात दाबून मिसळणं) करायला लागली की मूळ कमिट मेनमध्ये, म्हणजे मुख्य शाखेत, येतच नाहीत, मग "ब्रँच --मर्ज्ड" ला ती शाखा मर्ज झालेली वाटतच नाही आणि शाखा साचत राहतात. त्यावर उपाय आहेत, पण ते इथे नको.

आता ज्या प्रसंगामुळे हा प्रश्न मला जास्त लागतो तो सांगते.

टीममध्ये नवीन मुलगा होता, हुशार, थोडा घाबरट. क्लायंटने दिलेल्या मशीनवर काम, त्यावर काहीही इन्स्टॉल करायला बंदी. रात्री उशिरा फोन, ताई, स्टॅशमध्ये सगळं काम होतं आणि मी जुनं साफ करायला गिट स्टॅश क्लिअर मारलं. कमिट काहीच नाही, जे होतं ते स्टॅशमध्ये. मी घराबाहेर, लॅपटॉप जवळ नाही, पण मी बिनधास्त, कारण ह्यावर माझी स्क्रिप्टच होती. म्हटलं घाबरू नकोस, गिट सापडव टाइप कर. तो म्हणे स्पेलिंग सांगा. सांगितलं. म्हणे, "ताई, हे म्हणतंय सापडव ही गिटची कमांड नाही." अर्थातच नाही, ती माझ्या बिन फोल्डरमध्ये आहे.

मग म्हटलं ठीक, रिफ्लॉग बघ. हेडचा (आपण सध्या ज्या कमिटवर आहोत त्याचा) रिफ्लॉग, म्हणजे मागच्या हालचालींची नोंद, उघडला तर त्यात ओळीमागून ओळ, "रिसेट: मूव्हिंग टू हेड". ज्यांनी कधी बघितलंय त्यांना माहीत असेल, स्टॅश करताना गिट आतून रिसेट मारतं त्याचे ते ठसे असतात, आणि त्यांच्यापुढचा हॅश (कमिटचा ओळख-क्रमांक) हा हेडचाच असतो, स्टॅशचा नसतो. स्टॅशची यादी हा मुळात एका वेगळ्या रेफचा (कमिटकडे बोट दाखवणाऱ्या नावाचा) स्वतःचा रिफ्लॉग असतो आणि क्लिअरने नेमका तोच गेलेला. हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी त्याला परत परत रिफ्लॉगच बघायला लावत होते, हा हॅश शो करून बघ, तो बघ, कारण पुढचं आठवत नव्हतं. एफएससीके (गिटची साठवण तपासणारी कमांड) लागतं एवढं आठवत होतं, अनरीचेबल, म्हणजे कुठल्याच नावावरून पोचता न येणारे, कमिट काढायचे हेही, पण ते काढले की शेकड्याने येतात, रिबेसचे, अमेंडचे, म्हणजे कमिट पुन्हा लिहिताना मागे राहिलेले, सगळा केर, आणि त्यातून स्टॅशवाले वेगळे कसे काढायचे ती युक्ती स्क्रिप्टमध्ये होती, डोक्यात नव्हती. मध्येच त्याने कुठूनतरी वाचून विचारलं, गिट जीसी --प्रून=नाऊ मारू का, आणि मी अशी ओरडले की आजूबाजूचे वळून बघायला लागले. जीसी म्हणजे गिटची केर काढणारी कमांड; नुसत्या जीसीने ताजे ऑब्जेक्ट जात नाहीत, साधारण दोन आठवडे राहतात, पण प्रून=नाऊ म्हणजे मग शोधायला काही उरलंच नसतं.

थोडा वेळ दोघंही गप्प. मग तो म्हणाला एक मिनिट, आणि वाचून दाखवायला लागला. गिट हेल्प स्टॅश उघडून खाली खाली गेला होता, तिथे उदाहरणांमध्ये शेवटाकडे हेच दिलंय, चुकून उडालेले स्टॅश कसे मिळवायचे. एफएससीके --अनरीचेबल, त्यातून कमिट गाळा, ते गिट लॉगला द्या --मर्जेस --नो-वॉक लावून, आणि मेसेजमध्ये डब्ल्यूआयपी (वर्क इन प्रोग्रेस) शोधा. मर्जेस का, तर स्टॅश आतून मर्ज कमिट, म्हणजे एकाहून जास्त पालक असलेला, असतो, एक पालक तेव्हाचा हेड आणि दुसरा इंडेक्स (पुढच्या कमिटसाठी निवडून ठेवलेले बदल), त्यामुळे साधे कमिट सगळे आपोआप गळतात. तीन-चार ओळी उरल्या. त्याने हॅश उचलला, गिट स्टॅश अप्लाय, आलं परत सगळं.

आणि मग अगदी निरागसपणे, "ताई, तुमच्या स्क्रिप्टमध्ये पण हेच होतं का?"

हेच होतं. अक्षरशः हेच, ह्याच पानावरून उचललेलं, पुढे तारीख दाखवायची एक भर घालून.

ही गोष्ट ज्यांना माहीत आहे ते लोक पुढे हमखास म्हणतात, बघा, म्हणूनच साधं गिट शिकावं. ह्यावर मी चिडते, आणि चिडण्यात तथ्य आहे असं मला अजूनही वाटतं. स्क्रिप्ट लिहितात कशासाठी, लक्षात ठेवावं लागू नये म्हणूनच ना? त्या स्क्रिप्टने त्याआधी कितीतरी जणांचं काम परत आणलं होतं, त्यांना कोणाला मॅन पेज (कमांडचं माहितीपान) वाचत बसावं लागलं नाही. आणि अशी बंद मशीन रोज थोडीच येते. पण हेही खरं की त्या रात्री मी फोनवर असून उपयोग शून्य होता, आणि ज्याला मी शिकवत होते त्याच्याकडे फक्त साधं गिट आणि त्याचं मॅन पेज होतं.

तेव्हाच्या मला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, टूल ज्याचं त्याने आपल्या हाताला बसेल असं करून घ्यावं, त्यात लाज कसली. बाई, लाज नाही, पण टीमच्या सेटअप डॉक्युमेंटमध्ये तू स्वतःची स्क्रिप्ट घातलीस आणि ती आतून काय करते ते कुठेच लिहिलं नाहीस. तू म्हणशील हेल्प आहे की त्यात. आहे, पण गिट सापडव --हेल्प मारलं की गिट स्क्रिप्टला विचारतच नाही, सरळ मॅन पेज शोधायला जातं आणि सापडलं नाही म्हणून सांगतं, फक्त -एच चालतं, आणि हे तुला कळलं तेही कोणीतरी तक्रार केल्यावर. ती म्हणेल, मग आता काय, सगळं काढून टाकणार?

अर्धं काढलंय. एक नियम केला, जी स्क्रिप्ट आतून काय करते ते मला फोनवर तोंडी सांगता येत नाही ती ठेवायची नाही. पाळते का? नाही, नीट नाही. सापडव तशीच आहे, फक्त आता ती चालवली की आधी आतली पूर्ण कमांड स्क्रीनवर छापते आणि मग रिझल्ट देते. लोक म्हणतात कटकट आहे ती ओळ, बंद करायचा पर्याय द्या. देत नाही.

आणि ऍब्सॉर्ब तर नियमात बसतच नाही. रिव्ह्यूमध्ये दहा ठिकाणी बारीक बदल सांगितले, तुम्ही ते करून स्टेज केले, म्हणजे इंडेक्समध्ये घातले, की ते प्रत्येक बदलाच्या ओळींना आधी कुठल्या कमिटने हात लावला होता ते शोधून तेवढ्यापुरता फिक्सअप कमिट (त्या जुन्या कमिटमध्ये मिसळायची दुरुस्ती) बनवतं, वर रिबेस --ऑटोस्क्वॉश मारलं की हिस्ट्री जशी पाहिजे तशी. कल्पना मर्क्युरियल ह्या गिटसारख्याच दुसऱ्या साधनवाल्यांची, तिथे ती कमांड आधीपासून होती. ते आतून कसं ठरवतं ते मला ढोबळ सांगता येईल, नेमकं नाही. तरी सोडणार नाही. साध्या गिटने हेच करून दाखवा म्हणालात तर दाखवीन, ब्लेम (कुठली ओळ कुठल्या कमिटची ते सांगणारी कमांड) आणि कमिट --फिक्सअप घेऊन एकेक बदल हाताने, अर्धा तास तरी जाईल, आणि तेवढा वेळ तुम्हाला शेजारी बसावं लागेल.