नॉकेलोच्या कबरी गेल्या कुठे?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी आइल ऑफ मॅन बेटावर जर्मन नागरिकांना काटेरी तारेआड ठेवलं होतं. तिथे जे वारले त्यांचं स्मारक कुठे आहे, आणि एखादं नाव शोधायचं तर सुरुवात कुठून करायची?

लोक आधी बेटावर जातात आणि हिरमुसून परततात. नॉकेलोची छावणी नोव्हेंबर १९१४ मध्ये ५,००० माणसांच्या हिशेबाने उघडली. मे १९१५ मध्ये जर्मन पाणबुडीने लुसितानिया ही ब्रिटिश प्रवासी बोट बुडवली, आठवडाभरात पंतप्रधान ॲस्क्विथ यांनी लढण्याच्या वयातल्या सगळ्या शत्रुदेशीय पुरुषांना स्थानबद्ध करायचं जाहीर केलं आणि इथला आकडा पुढे २३,०००च्या वर गेला. चार छावण्या, त्यांत तारेने वेगळी केलेली २३ आवारं, माल आणायला पील गावापासून टाकलेला रेल्वेफाटा. आत होते ते वेटर, न्हावी, बेकर, व्यापारी जहाजांवरचे खलाशी. कित्येकांची बायकामुलं इंग्लंडमध्येच होती. गोळी न लागताही माणूस आतून कसा खचतो, हे पाहून एका स्विस डॉक्टराने या अवस्थेला 'काटेरी तारेचा आजार' असंच नाव दिलं.

वारलेल्यांना शेजारच्या पॅट्रिक गावच्या चर्चच्या आवारात पुरलं. आज तिथे जर्मन कबरी नाहीत. काही तुर्की कबरी तेवढ्या राहिल्या आहेत. कारण १९५९ मध्ये ब्रिटन आणि पश्चिम जर्मनी यांच्यात करार झाला. ब्रिटनभर विखुरलेल्या जर्मन कबरींपैकी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या देखभालीत नसलेल्या कबरी एका जागी न्यायचं ठरलं. नॉकेलोचे अवशेष १९६२ मध्ये हलवले गेले. ती जागा म्हणजे इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमधलं कॅनॉक चेस. तिथे दोन्ही महायुद्धांतले मिळून जवळजवळ ५,००० मृत आहेत.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली नावाची. पाटीवर 'जर्मन लष्करी दफनभूमी' असं आहे, त्यामुळे न्हाव्याचा नातू तिकडे फिरकतच नाही. ज्याने कधी बंदूक धरली नाही त्याची कबर लष्करी पाटीखाली असणं मला खटकतं, पण शोध तिथेच घ्यावा लागतो. दुसरी चूक जागेची. जवळच कॅनॉक चेस युद्ध दफनभूमी नावाची वेगळी, जुनी दफनभूमी आहे आणि तिच्यातही जर्मन कबरी आहेत. तुम्हाला हवी ती मोठी, १९६७ मध्ये खुली झालेली. तिच्या प्रवेशदालनात मृत योद्ध्याचा काशाचा पुतळा आहे.

आता नाव शोधायचं. फोल्क्सबुंड या जर्मन युद्धसमाधी संस्थेच्या संकेतस्थळावर कबर क्रमांक मिळतो. आडनावाची सगळी रूपं घालून पाहा: म्यूलर हे इंग्रजी कारकुनाने दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. तो नागरिक होता की सैनिक, हे मात्र दगडावरून ठरवू नका.

त्यासाठी छावणीतल्या माणसांची यादी लागते आणि ती लंडनमध्ये मिळणं कठीण, कारण ब्रिटनकडची बहुतेक मूळ कागदपत्रं १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. वाचल्या त्या जिनिव्हाला रेडक्रॉसकडे पाठवलेल्या प्रती. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने १९१४-१८ ची कार्डं आणि नोंदवह्या ऑनलाइन ठेवल्या आहेत. देश निवडा, मग नागरिक की सैनिक ते निवडा, आणि आडनावाच्या जवळपासची कार्डं एकेक करून चाळा. कार्डावर नोंदवहीच्या पानाचा संदर्भ असतो. पुष्कळ जण कार्ड सापडलं की थांबतात, पण छावणीचं नाव आणि तारीख बहुधा त्या पानावर असते, म्हणून ते पान उघडाच. पॅट्रिकच्या जुन्या शाळेतलं नॉकेलो माहिती केंद्रही वंशजांना मदत करतं; तिथे विचारायला जाताना नावाबरोबर व्यवसाय आणि पकडण्याआधीचा पत्ता हाताशी ठेवा, एकाच नावाचे पुष्कळ निघतात.

हाच शोध अहमदनगरलाही, म्हणजे आताच्या अहिल्यानगरलाही लागू पडतो. पहिल्या महायुद्धात तिथेही जर्मन डांबले होते आणि १९१७ मध्ये रेडक्रॉसचे प्रतिनिधी ती छावणी पाहून गेले. फक्त एक लक्षात ठेवा: नगरच्या छावणीत नागरिकांबरोबर सैनिकही होते, तेव्हा नाव नागरिकांच्या कार्डांत दिसलं नाही तर सैनिकांचीही चाळा.