अनिबाँगचं जहाज, १:२०० : तळ, गंज आणि पत्रे

'एव्हा जोसेलिन' या जहाजाच्या मॉडेलचा सांगाडा उभा राहिला, स्टायरीनच्या (प्लास्टिकच्या) पट्ट्या चढवून झाल्या आणि राखाडी प्राइमरचा पहिला हातही बसला. या आठवड्यात काम जहाजाच्या तळाशी आहे, म्हणून ही नोंद जरा सविस्तर.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी : ८ नोव्हेंबर २०१३ रोजी हायान वादळाने फिलिपिन्सच्या टॅक्लोबान शहरात अनेक जहाजं किनाऱ्यावरून थेट वस्तीत आणून टाकली. अनिबाँग भागात घरांवर येऊन बसलेलं हे मालवाहू जहाज त्यांतलं सगळ्यात प्रसिद्ध. पुढे बाकीचं जहाज तोडलं गेलं, पण नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, भाग स्मारक म्हणून तिथेच ठेवला आहे.

आपण पाण्यावरची मॉडेलं करतो तेव्हा पाणरेषेखालचं जहाज कापून टाकतो. रेझिनचा समुद्र ओतला की झालं. इथे तसं चालत नाही. सुकाणू, पंखा (प्रोपेलर), तळाची वळणं, एरवी कुणाला न दिसणारं सगळं उघडं पडलेलं. किट अर्थातच मिळत नाही. मापं फोटोंवरून काढतोय : दाराची उंची दोन मीटर धरायची आणि तिथून पुढे मोजत जायचं. मागच्या बाजूचे नीट फोटो कमी, त्यामुळे पंखा अजून बसवलेला नाही.

बेससाठी, म्हणजे मॉडेलखालच्या जमिनीच्या देखाव्यासाठी, मी २५ मिलिमीटरची एक काडी कापून ठेवली आहे. या प्रमाणात ती पाच मीटर होते आणि टॅक्लोबानला पाणी साधारण तेवढं, काही ठिकाणी त्याहून जास्त चढलं होतं. काडी जहाजाशेजारी उभी केली की ते घरांवर कसं पोचलं याचा उलगडा होतो. अर्धवट भरलेल्या किनारी मालवाहू जहाजाला तरंगायला एवढं पाणी पुरतं. नांगर सरकला की ते घरांवरूनसुद्धा वाहत जातं आणि पाणी उतरलं की असेल तिथे बसतं. वादळाच्या केंद्रातला दाब ८९५ हेक्टोपास्कल होता असा जपानच्या हवामान खात्याचा अंदाज. एका हेक्टोपास्कलला साधारण एक सेंटिमीटर धरलं तर नुसत्या कमी दाबाने समुद्र जेमतेम सव्वा मीटर फुगतो. उरलेलं काम वाऱ्याचं. लेते आखाताचं पाणी वाऱ्याने उथळ आणि अरुंद होत जाणाऱ्या सान पेद्रो उपसागरात ढकललं आणि टॅक्लोबान नेमकं त्याच्या टोकाला.

ही काडी आता बेसवरच्या प्रत्येक वस्तूला लावून बघतो. काडीच्या खाली आहे ते पाण्याने हाताळलेलं : लाकडं एका दिशेने रेटलेली, पत्रे गुंडाळलेले. वर आहे ते फक्त वाऱ्याने मोडलेलं. दोन्हींवर एकच मळकट वॉश (पातळ रंगाचा हात) मारला की सगळं खोटं वाटायला लागतं. पत्रे कोल्ड्रिंकच्या कॅनचे, स्क्रूच्या आट्यांवर घासून पन्हळी केलेले. नारळाची झाडं काथ्याची, आणि झावळ्या जवळजवळ नाहीतच. हौसेने हिरवळ चिकटवण्याचा मोह आवरावा लागतो.

गंजासाठी प्रत्यक्ष बघायला रत्नागिरीला मिऱ्याच्या बंधाऱ्यावर गेलो होतो. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळात 'बसरा स्टार' तिथेच येऊन अडकलं. ते मात्र लाटांच्या माऱ्यात. सतत भिजणारा गंज काळपट होतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. अनिबाँगचं जहाज कोरड्यावर होतं, म्हणून तिथे नारिंगीकडे झुकणारे ओघळ : जळका तांबडा ऑइल रंग, वर चिमूटभर काव.

बेसवर माणसं ठेवायची का, यावर मागे बरीच चर्चा झाली. प्रेतं मी दाखवणार नाही. या वादळात अधिकृत आकड्यानुसारच सहा हजारांवर माणसं गेली, त्याची शोभेची वस्तू करायची नाही. पण निर्मनुष्य बेसही खरा नाही. लोक परतले, आणि जहाजाच्या कुशीलाच फळ्या-ताडपत्र्यांची घरं पुन्हा उभी राहिली. म्हणून मी वादळानंतर काही महिन्यांचा काळ धरतोय : दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, एक टपरी, पोरं. तळाच्या वळणाखाली सावली पडते तिथे दोन खुर्च्याही येतील.

निळ्या ताडपत्रीसाठी टिश्यू आणि पातळ केलेला गोंद वापरतोय, पण सुकल्यावर ती फारच ताठ होते. कुणी दुसरं काही वापरलं असेल तर सांगा. पंखा बसला की पुढचे फोटो टाकतो. त्यानंतर डोक्यात अमेरिकेतल्या गल्फपोर्टचा टग (जहाजं ओढणारी बोट) आहे : १९६९ च्या कमील वादळाने जमिनीवर आणून टाकलेला, ज्याच्या शेजारी पुढे आठवणवस्तूंचं दुकान निघालं. तो लहान आहे, १:७२ मध्ये जमेल.