माझ्याच लॅपटॉपवर वाजत होतं

मे महिन्यातली सकाळ. साडेआठलाच नागपूरच्या महाल भागातल्या त्या जुन्या घरात कूलर सुरू झाला होता. काकांचं वर्षश्राद्ध होतं. बाराच्या सुमारास पानं वाढायची आणि त्याआधी बाहेरगावच्या नातेवाइकांना मी केलेल्या त्यांच्या भजनांच्या साइटचा पत्ता पाठवायचा, असं ठरलं होतं. काकांच्या पुतण्याने मोबाइलवर साइट उघडली. फोटो आला, नाव आलं. आवाज मात्र नाही.

"दादा, वाजून नाही राहिलं."

मी माझ्या लॅपटॉपवर उघडली. पान येताच खंजिरी वाजली आणि काकांचा आवाज खोलीभर पसरला. स्वयंपाकघरातून काकू हात पुसत बाहेर आल्या. पुतण्याने आपल्या लॅपटॉपवर तेच पान उघडलं, तर तिथे पुन्हा शांतता.

काका शाळेत शिक्षक होते. आयुष्यभर भजनं म्हणत आले. घरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या त्यांच्या १४ कॅसेटी काकूंनी ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या. दीड महिना मी त्या ऐकून संगणकावर उतरवत, साफ करत बसलो होतो. काहींमध्ये आवाज मंद, जणू गोधडीखालून येतोय असा. अशा वेळी डेकच्या, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्राच्या, हेडजवळचा (टेप वाचणाऱ्या भागाजवळचा) बारीक स्क्रू केसभर फिरवला की हेडचा कोन टेपशी जुळतो आणि हरवलेली धार परत येते. खंजिरीच्या चकत्या पहिल्यांदा लख्ख ऐकू आल्या, तेव्हा मी काम थांबवून नुसता ऐकत बसलो होतो.

विजेची घरघर होती. आपल्याकडचा वीजप्रवाह ५० हर्ट्‌झचा, म्हणून ती ५० आणि १०० हर्ट्‌झवर बसलेली असते. तेवढीच जागा अरुंद कापून काढता येते. कूलरचं मात्र तसं नाही. त्याची सळसळ सगळ्या पट्टीत मिसळलेली. ती काढायला गेलो की चकत्यांची किणकिण आणि 'स', 'श'ची टोकंही जात होती. मी काकूंना दोन्ही नमुने ऐकवले. "कूलरचा आवाज कायले काढता जी? शाळेले सुट्या लागल्या की उन्हाळ्यातच तर भरायचे ते," त्या म्हणाल्या. ठेवला. आजही मला तोच निर्णय बरोबर वाटतो.

एका कॅसेटच्या मागच्या बाजूला रेडिओवरून उतरवलेली चित्रपटगीतं निघाली. ती मी घेतली नाहीत. ध्वनिमुद्रणावर प्रकाशनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि आपल्या घरच्या टेपवर आहे म्हणून गाणं आपलं होत नाही.

मूळ फाइल वेव्हमध्ये, म्हणजे न आकसलेल्या स्वरूपात, ठेवली: ६० मिनिटांच्या कॅसेटला ६०० एमबीच्या वर. साइटसाठी मोनो (एकाच वाहिनीची), सेकंदाला ६४ किलोबिटची (केबीपीएस) आकसलेली एमपी३ केली. तीच कॅसेट २९ एमबीच्या आत आली. एका माइकवर भरलेल्या आवाजाला स्टिरिओची गरजच नव्हती. दाबल्याशिवाय एकही फाइल उतरू नये म्हणून प्रीलोड (आधीच फाइल उतरवून ठेवणं) बंद ठेवलं, नाहीतर चौदा कॅसेटींचा बोजा पाहणाऱ्याच्या डेटावर पडला असता.

फक्त पहिल्या पानावरचं भजन आपोआप सुरू होत होतं. पुतण्याची तशी इच्छा होती आणि मी ती मान्य केली होती.

मी तीच साइट इन्कॉग्निटो खिडकीत उघडली, जिथे ब्राउझर माझ्या जुन्या सवयी धरत नाही. शांतता. ब्राउझर चुका दाखवतो त्या कन्सोलमध्ये तांबडी ओळ: परवानगी नाही. तेव्हा उलगडलं. २०१८पासून क्रोम, माणसाने पानावर कुठेतरी टिचकी मारल्याशिवाय आवाज आपोआप सुरू करू देत नाही. पण संगणकावरचा क्रोम एक हिशोबही ठेवतो: या पत्त्यावर हा माणूस किती वेळा येतो आणि त्यातल्या किती वेळा ऐकतो. मी दीड महिना रोज याच पत्त्यावर काकांना ऐकत होतो. त्यामुळे माझ्या ब्राउझरने मला मोकळीक दिली होती. बाकी जगाला ती नव्हती, आणि मी तपासत होतो ते फक्त माझ्या ब्राउझरवर.

नऊ वाजता आपोआप सुरू होणारा भाग काढला. फोटोखाली मोठं, बोटाला सहज सापडेल असं बटण ठेवलं: 'ऐका'. त्याला हात लागला की आवाज सुरू, पुन्हा लागला की बंद. पुतण्या थोडा हिरमुसला. मी त्याला सांगितलं की अंध माणूस स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, पान ऐकतो. मधेच भजन सुरू झालं तर त्याला थांबवायचं बटणसुद्धा ऐकू येत नाही. बसमध्ये, दवाखान्यात, निजलेल्या बाळाजवळ कोणी पान उघडलं तर? आवाज मागितल्यावरच यावा, या मताचा मी त्या सकाळी पक्का झालो.

तेवढ्यात पुतण्याच्या बहिणीचा आयफोन. बटण दाबूनही काही नाही. आयफोनचा ब्राउझर सफारी फाइल तुकड्यातुकड्याने मागतो आणि सर्व्हरने तसे तुकडे द्यावे लागतात. मधे बसवलेली माझी पीएचपी फाइल (सर्व्हरवर चालणारा छोटा प्रोग्राम) सगळा एमपी३ एकदम पुढे करत होती. मधली फाइल काढून एमपी३ थेट सर्व्हरवरून द्यायला लावली आणि आयफोन बोलला. त्यात पाऊण तास गेला.

साडेदहाला काकूंच्या हातात मोबाइल दिला. त्यांनी चष्मा लावला, फोटोकडे पाहिलं आणि बटणावर बोट ठेवलं. आधी चाळीस वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातला कूलर, मग खंजिरी, मग काका. पहिलं कडवं संपलं तशी काकूंनी पुन्हा बटण दाबलं.

"पानं वाढून होऊ द्या," त्या म्हणाल्या, "मग मी लावतो."