माझा अनुभव: फ्लॉरेन्स, मावशी आणि 'प्रांत' नावाचा रकाना

कामाची गोष्ट आधीच सांगून टाकते. ती मला वेळेवर कोणी सांगितली असती तर माझे तीन तास वाचले असते आणि मावशीचे मोजे ओले झाले नसते. इटलीत राहण्याच्या जागेचा ऑनलाइन फॉर्म भरताना 'प्रांत' असा रकाना आला, की तिथे 'ईई' निवडायचं. दोनदा ई. का, ते पुढे येईलच.

आम्ही दोघी. मी पुण्यात नोकरी करणारी आणि माझी मावशी, वय ६१, कोल्हापुरात शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली. तिच्या पाठीवर माझ्या भावाची सॅक, सह्याद्रीत फिरून रंग उडालेली. खर्च कमीत कमी ठेवायचा, टॅक्सी करायची नाही, हॉटेलऐवजी हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये झोपायचं, हे सगळं तिने आनंदाने मान्य केलं. तिची अट एकच होती: ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये असायचं.

कोल्हापूरकरांना कारण कळलं असेल. करवीरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला गेले होते, राणी व्हिक्टोरियाला भेटले, आणि परत येताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. आर्नो नदीला मुन्योने नावाची छोटी नदी मिळते, त्या संगमावर त्यांचं दहन झालं. तिथे त्यांचं स्मारक आहे. मावशीने हे जन्मभर वर्गात सांगितलं, पाहिलं मात्र कधीच नव्हतं.

व्हिसा, विमान, रोम हे सगळं सुरळीत झालं, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं काही नाही. रोमहून वेगवान गाडी दीड तासात फ्लॉरेन्सला पोचवते. आम्ही साधी, हळू जाणारी रेजिओनाले गाडी धरली. साडेतीन तासांच्या वर लागतात, पण तिचं भाडं आयत्या वेळीही तेवढंच असतं. स्टेशनात घेतलेलं कागदी तिकीट फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा. विसरलात तर तिकीट असूनही दंड. आम्ही विसरलो नाही, हे जरा अभिमानाने सांगते, कारण त्यानंतर दिवसभर अभिमान वाटावा असं माझ्या हातून काही घडलं नाही.

पावणेबाराला सान लोरेन्झो चर्चच्या मागच्या गल्लीत पोचलो. दोन पुरुष उंचीचा लाकडी दरवाजा, बाजूला पितळी पट्टीवर दहा-बारा घंट्या, त्यांतल्या एकीवर आमच्या हॉस्टेलचं स्टिकर. घंटा वाजवली, कोणी नाही. फोन केला तर इटालियन ध्वनिमुद्रित बाई बोलली. आदल्या रात्री आलेल्या मेलमध्ये लिहिलं होतं, फॉर्म भरा, मग दरवाजाचा कोड येईल. मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम. (हॉस्टेलचं नाव विचारू नका. खाटा स्वच्छ होत्या.)

फॉर्म इटालियनमध्ये. वर इंग्लंडचा झेंडा होता तो दाबला, तर अर्धं पान इंग्रजी झालं आणि नेमकं अडचणीचं अर्धं इटालियनच राहिलं. नाव, आडनाव, जन्मतारीख, नागरिकत्व. इथवर ठीक. मग जन्माचा प्रांत, पुढे लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही. यादी उघडली तर दोन-दोन अक्षरं. एजी, एएल, एएन. इटलीत शंभरावर प्रांत आहेत आणि प्रत्येकाची अशी दोन अक्षरं. पिसाचं पीआय, रोमचं आरएम.

मावशी माझ्या खांद्यावरून बघत होती. "के बघ की."

के ने सुरू होणारा एकच प्रांत निघाला, केआर.

"करवीर असंल," मावशी म्हणाली.

ते क्रोतोने निघालं, इटलीच्या बुटाच्या तळव्याजवळ कुठेतरी. पण पाऊस सुरू झाला होता, सॅकचे पट्टे खांद्यात रुतत होते, आणि मला वाटलं, कोण बघतंय. मावशीच्या जन्माला केआर टाकलं. मग पासपोर्ट कुठून काढला तो रकाना. पासपोर्ट पुण्याचे. यादीत पीयू होतं! मला इतका आनंद झाला की सांगू नका. पीयू म्हणजे पेझारो-उर्बिनो. त्याखालच्या गावांच्या यादीतून मी उर्बिनो निवडलं.

"उर्बिनो राफाएल चित्रकाराचं गाव," मावशी म्हणाली. "माझा पासपोर्ट तिथं निघाला व्हय?"

'पुढे' दाबलं. पुढच्या पानावर फॉर्मने मावशीकडे कोडिचे फिस्काले मागितला. हा इटलीतल्या माणसांचा सोळा अक्षर-अंकांचा कर क्रमांक, आपल्या पॅनसारखा. बरोबरच होतं, क्रोतोनेत जन्मलेल्या बाईकडे तो असायलाच हवा. मी मागे गेले तर भरलेलं सगळं पुसलं गेलेलं.

असं चार वेळा झालं. एकदा मी प्रांत रिकामा ठेवून पाहिला, एकदा फ्लॉरेन्सचंच एफआय टाकलं, एकदा ब्राउझर बदलला. एकदा पासपोर्टचा फोटो मोठा आहे म्हणून नाकारला, तो लहान करून चढवला, तोवर पानाची मुदत संपली. प्रत्येक वेळी दोघींच्या जन्मतारखा नव्याने फिरवायच्या, आणि वर्षाचं चाक चालू सालापासून सुरू होतं. मावशीचं साल येईपर्यंत अंगठा दुखायचा. मधेच मी तिच्यावर चिडले. ती काहीच म्हणाली नाही, फक्त पलीकडच्या चर्चच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मोज्यांत पाणी गेलंय हे तिने मला संध्याकाळी सांगितलं.

शेवटी आडोसा म्हणून समोरच्या कॉफी बारमध्ये शिरलो. इथे एक टीप: काउंटरपाशी उभं राहूनच प्यायची. त्याच कॉफीला टेबलावर बसलं की बरेचदा जास्त पैसे पडतात, आणि जेवायला बसलात तर बिलात माणशी दोन-तीन युरो 'कोपेर्तो' म्हणून येतात. ती फसवणूक नसते, रीतच आहे. कॉफी घेतली की संडासाची किल्लीही हक्काने मागता येते. आम्ही एकेक एस्प्रेसो घेऊन चाळीस मिनिटं उभ्या होतो. बारवालीने हाकललं नाही, पण तिसऱ्यांदा काउंटर आमच्यासमोरच पुसला.

तिथे उभ्या उभ्या मी वाचून काढलं की हा फॉर्म हॉस्टेलचा चोचला नसून कायदाच आहे. इटलीत मुक्कामाला येणाऱ्या प्रत्येकाची नोंद मालकाने चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे द्यायची असते. कायदा १९३१ चा.

"म्हणजे मुसोलिनीचा," मावशी म्हणाली. शिक्षिका ती शिक्षिकाच. मग एकदम गंभीर झाली. "पोलिसात जातंय म्हणतीस आणि मी कुठं जन्मलो म्हणून लिहायलीस? खोटं नको लिहू, बाई. तू जा कुठं विचारून ये. मी बसतो हितंच, सॅका सांभाळत."

बाहेर पडले. कोपऱ्यावर एक किराणा दुकान होतं, दारात छत्र्या टांगलेल्या. आत बांगलादेशी दुकानदार. मी छत्रीची किंमत हिंदीत विचारली, त्याने हिंदीत सांगितली, पाच युरो. आणि मला काय झालं कोण जाणे, मी फोन त्याच्यापुढे धरून अख्खं गाऱ्हाणं ओतलं. त्याने पडद्याकडे पाहिलं आणि हसला. असे फॉर्म भरण्यात त्याची बारा वर्षं गेली होती.

"दीदी, ई-ई मारो."

ईई म्हणजे एस्तेरो, परदेश. यादीत मी ते चार वेळा ओलांडलं होतं, एन्ना प्रांताच्या ईएनच्या बरोबर वर, आणि दर वेळी सिसिलीतलं एखादं गाव समजून पुढे गेले होते. ईई निवडलं की गावाच्या रकान्यात देशांची यादी उघडते. तिथे इंडिया. जन्मगाव इंडिया, पासपोर्ट दिल्याचं ठिकाण इंडिया. कोल्हापूर, पुणे काही लिहायचं नाही. नव्वद सेकंदांत दोघींचा फॉर्म गेला. मी छत्री घेतली आणि गरज नसताना बिस्किटांचे दोन पुडेही घेतले.

कोड आला तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. वर गेलो तर रिसेप्शनच्या टेबलामागे एक मुलगा बसलेला, हेल्मेट अजून हातात. रिसेप्शन तीनला उघडतं, म्हणाला. मग त्याने आमचे पासपोर्ट मागितले आणि तेच सगळं, नाव, जन्म, क्रमांक, पहिल्यापासून स्वतः टाइप केलं. प्रांताच्या रकान्यात न बघता ईई मारलं. मी विचारलं, मग तो फॉर्म? त्याने खांदे उडवले आणि शहराचा मुक्कामी कर रोख मागितला. हा कर खोलीच्या भाड्याव्यतिरिक्त असतो, माणशी, दर रात्रीचा. सुटे युरो जवळ ठेवा.

आता मला विचाराल तर तीनच्या आधी पोचूच नका. सॅक स्टेशनवरच्या सामानघरात टाका आणि फिरा. आम्ही त्याचे पैसे वाचवले आणि त्यापायी कॅथेड्रलमध्ये त्या दिवशी शिरता आलं नाही, कारण मोठी सॅक घेऊन आत सोडत नाहीत. कॅथेड्रल फुकट आहे. त्याच्या वरच्या, ब्रुनेलेस्कीने बांधलेल्या घुमटावर चढायला मात्र आधी वेळ राखून तिकीट काढावं लागतं, ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. मी दुसऱ्या दिवशी खालूनच नमस्कार केला. उफित्झी आणि बाकी सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात. तारखेचा हट्ट नसेल तर तसं जमवा. आमचा हट्ट होता.

पाणी विकत घेऊ नका. पियात्सा देल्ला सिन्योरियात नेपच्यूनच्या कारंज्यामागे पालिकेचा नळ आहे, साधं पाणी आणि बुडबुड्यांचंही.

जेवणाचं सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी एका गाड्यावर वाफा येत होत्या. मोठ्या पातेल्यातून त्या माणसाने काट्याने काहीतरी करडं, सुरकुतलेलं उचललं, फळीवर कचाकच कापलं, पावात भरलं, वर हिरवी चटणी घातली आणि पावाचा वरचा अर्धा भाग रश्श्यात बुडवून झाकण लावलं. लांप्रेदोत्तो, गायीच्या चौथ्या जठराचं. खाणाऱ्यांनी ते जाणूनच घ्यावं. मी घेतलं. मावशीने गाय म्हटल्यावर हात जोडले, पण वाफेचा वास घेऊन म्हणाली, "वजडीच की गं ही. आपल्यात बोकडाची करत्यात." तिने चीज-टोमॅटोचा पाव खाल्ला आणि तक्रार केली की पावात मीठच नाही. खरंच नसतं, तिथला पाव अळणीच करतात. मग तिने सॅकच्या पुढच्या कप्प्यातून लसणाच्या चटणीची पुडी काढली. तिथे तीन दिवस ती चटणी आम्हाला पुरली.

तीस तारखेला सकाळी फुलं घ्यायला गेलो. झेंडू नव्हता. मावशीने पांढरी शेवंती उचलली, तर फुलवालीने हाताने क्रूस काढून विचारलं, कब्रस्तानात चाललात का? तिथे शेवंती फक्त मेलेल्यांसाठी. मावशीने मान डोलावली.

स्मारकाकडे जायला स्टेशनाजवळून टी-वन ट्राम, तिकीट आम्ही गेलो तेव्हा १ युरो ७० सेंट होतं, नव्वद मिनिटं चालतं, आत चढल्यावर यंत्राला लावायचं. काश्चीने थांब्यावर उतरा. तिथून काश्चीने पार्कच्या पश्चिम टोकापर्यंत चालायचं, पाऊण तास धरा. रस्ता सरळ आहे, चुकायची भीती नाही. मंगळवारी सकाळी गेलात तर पार्कात मोठा बाजार भरतो आणि स्वस्तात स्वेटर मिळतो.

झाडं संपता संपता स्मारकाची छत्री दिसते. चक्क आपल्याकडची, खांबांवर घुमट, आणि खाली महाराजांचा अर्धपुतळा. इटालियन लोक त्यांना नुसतं 'इंदियानो' म्हणतात. मागच्या मोठ्या पुलाचं नावही तेच. स्मारक १८७४ चं. छत्रीचा आराखडा करणारा चार्ल्स मँट, कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच. मावशीने हे मला चालता चालता तीनदा सांगितलं होतं. तेव्हाच्या इटलीत प्रेतं पुरायची रीत, त्यामुळे नदीकाठी दहन करायला खास परवानगी काढावी लागली होती, हे मात्र तिने तिथे उभं राहून, हळू आवाजात सांगितलं. "परक्या गावात, रातोरात," म्हणाली. "त्यांच्या माणसांनी कुणाकुणाला काय काय लिहून दिलं असंल."

भोवती कुंपण आहे. तिने शेवंती गजांतून आत सरकवली. मी इंग्रजी लेख वाचून दाखवत होते. 'कोल्हापूर' शब्द आला तिथे तिने मला थांबवलं, चष्मा पुसला आणि तो शब्द स्वतः वाचला.

नव्वद मिनिटं केव्हाच उलटून गेली होती. परतीला दोन तिकिटं नवीन काढावी लागली.