ब्लाउजच्या पिशवीतली फाइल

सरकारी आरोग्य उपकेंद्र आमच्या घरापासून दोनशे पावलांवर आहे. तरी तिथं जायला मला दोन वर्षं लागली, कारण ते अगदी एसटी थांब्यासमोर आहे. आत कोण गेलं, किती वेळ बसलं, गोळ्यांची पुडी घेऊन कोण बाहेर आलं, सगळं पारावरून दिसतं. पोरीसाठी स्थळं बघणं चालू होतं. आईला शुगर आहे एवढं पसरलं की पुढची चौकशी पोरीच्या तब्येतीची.

म्हणून मी तालुक्याला खासगी दवाखान्यात जायचे, तेही बाजाराच्या दिवशी, अस्तर आणि दोरे आणायचं निमित्त काढून. एसटीला बायकांना अर्धं तिकीट झालं, पण तपासणी आणि गोळ्यांचे सात-आठशे लागायचेच, वर शिलाईचा दिवस बुडायचा. दोन-तीन महिन्यांत बरं वाटायला लागलं की गोळ्या बंद. का आला नाहीत म्हणून तिथून कोण विचारणार?

मग एका दुपारी आशाताई फॉर्म घेऊन आल्या. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचाच भरायचा होता. तंबाखू, दारू, कष्टाचं काम किती, घरात कुणाला साखर? मी सगळ्याला नाही म्हटलं.

"वहिनी, तुमच्या आईला होती की. त्यांच्या दिवसांना मी आले नव्हते का?"

मी गप्प. कंबर मोजायची तर त्यांची टेप घरी राहिलेली. मशीनवरची माझीच दिली. रोज दुसऱ्यांची मापं घेणारी मी, स्वतःचं कधी घेतलंच नव्हतं. ९४ सेंटिमीटर. बाईची कंबर ९० च्या वर गेली की धोक्याचे दोन गुण धरतात. बेरीज चारच्या पुढं गेली, म्हणजे तपासणी आलीच. "उद्या उपकेंद्रात या, नाहीतर मीच न्यायला येते," म्हणाल्या. त्या खरंच आल्या असत्या, आणि मग तर अख्ख्या आळीला कळलं असतं. गेले.

आरोग्य अधिकारी मॅडम माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. तिनं तर्जनीला टोचलं, रक्तच येईना. शिवणाच्या सुईनं बोटाचं टोक पार घट्ट झालेलं. तिनं हात खाली सोडायला लावला, करंगळीजवळचं बोट चोळलं आणि कडेला टोचलं. कडेला कमी दुखतं म्हणाली, आणि ते खरं आहे. साखरेचा आकडा आला २८६. "आधी गोळ्या चालू होत्या का?" मी हो म्हटलं. दोन वर्षांत गावात कुणाला तरी पहिल्यांदाच सांगितलं. ती रागावली नाही, नुसतं लिहून घेतलं.

नाव कॉम्प्युटरवर चढवताना गंमत झाली. आधारला नंबर थोरल्याचा, आणि तो भोसरीला कंपनीत. चालू शिफ्टमध्ये त्याचा फोन: "आई, कसला ओटीपी आलाय? पैसेबिसे कुणाला दिले नाहीस ना?" झालं, त्याला कळलं. माझं आभा कार्ड, म्हणजे सरकारी आरोग्य ओळखपत्र, तेही त्याच दिवशी निघालं.

प्राथमिक आरोग्य केंद्रात उपाशीपोटी १६८ आली, जेवणानंतर दोन तासांनी २७४. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन सुरू केली, जेवणानंतर घ्यायची. पहिला आठवडा पोट बिघडलं, नंतर सावरलं. साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी ग्रामीण रुग्णालयात झाली, ती ९.४ टक्के. डोळ्याच्या पडद्याचीही तिथंच. सुईत दोरा ओवताना अंधुक दिसायचं, मी चष्म्याला दोष देत होते. पडदा ठीक निघाला. साखर उतरली तसा दोराही ओवता यायला लागला.

सगळं गोड आहे असं नाही. दिवाळीच्या तोंडावर उपकेंद्रात दीड महिना गोळ्या नव्हत्या. "वरून आल्या नाहीत" एवढंच उत्तर. मी तालुक्याच्या जनऔषधी दुकानातून आणल्या. पण ज्यांची रोजाची मजुरी आहे त्यांनी त्या दीड महिन्यात गोळ्याच सोडल्या. वेळही अशी की रानात जाणाऱ्याला जमत नाही. गडीमाणसं तर फिरकतच नाहीत, त्यांचे फॉर्म बायकांकडून भरून घेतलेले.

मी टिकले ती आशाताईंमुळे. एकदा सणावाराच्या गडबडीत पुडी आणायची राहिली, तर चौथ्या दिवशी संध्याकाळी त्या दारात. आत आल्या नाहीत, उंबऱ्यावरूनच विचारलं, "ब्लाउज झाला का?" त्यांनी माझ्याकडे ब्लाउज टाकलाच नव्हता. सासूबाई पडवीत बसलेल्या, म्हणून तसं विचारलं.

सहा महिन्यांनी सरासरी ७.६ आली. पोरीचं अजून जमतंय. फाइल अजून ब्लाउजपीसच्या पिशवीत घालूनच नेते.

परवा पलीकडच्या आळीतल्या काकू माप द्यायला आल्या. माझ्यापेक्षा वयानं मोठ्या, मानी बाई. टेप गुंडाळत होते तेव्हा हळूच म्हणाल्या, "गुरुवारी गर्दी नसते ना गं तिथं?"

मी वहीत छाती-कंबर लिहिली आणि म्हटलं, "दोननंतर या. दोन वाजता पुण्याची गाडी जाते, थांब्यावर कुणी नसतं."