राखाडी सूट आणि भिवंडीचं गोदाम

लंडनमध्ये कोणी ‘अकाउंटंट’ असल्याचं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर सहानुभूती उमटते. इथल्या विनोदांतला हा माणूस राखाडी सुटातला, मिळमिळीत. मुंबईत सीए म्हटलं की मुलीचे आईवडील सरसावून बसतात, आणि पाचव्या मिनिटाला कोणीतरी विचारतंच, “जरा टॅक्सचं बसवून द्याल ना?” इथे रटाळ, तिथे जुगाडू. दुसरा आरोप वाईट खरा, पण त्यात निदान डोकं आहे असं गृहीत धरलेलं असतं.

खटकतं ते वेगळंच. इथे ‘अकाउंटंट’ अशी पाटी लावायला परीक्षा लागत नाही. मनी लाँडरिंगविरोधी देखरेखीखाली नोंदणी केली की झालं. कायद्याचं संरक्षण फक्त ‘चार्टर्ड’ या बिरुदाला. (मस्जिद बंदरच्या पेढीवर टॅली चालवणाऱ्यालाही परीक्षा लागत नाही म्हणा. पण त्याला कोणी सीए म्हणत नाही.)

आणि ज्या वाक्यावर फोर्टातली आर्टिकलची, म्हणजे सीएकडे उमेदवारी करणारी, पोरं वाढतात, ते इथलंच. 1896 चा किंग्स्टन कॉटन मिल खटला: ऑडिटर राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा नव्हे. मॅनेजरने वर्षानुवर्षं माल फुगवून दाखवला, ऑडिटरांनी त्याच्या दाखल्यावर विश्वास ठेवला आणि ते सुटले. आज तसे सुटणार नाहीत. साठा मोठा असेल तर मोजणीला स्वतः हजर राहा, असं ऑडिटचं 501 क्रमांकाचं मानक दोन्ही देशांत सांगतं.

म्हणजे आपल्याकडे वर्षअखेरीला, 31 मार्चला, मोजणीसाठी भिवंडीचं गोदाम. आधी यादीतल्या वस्तू निवडून रॅकपर्यंत जायचं. कागदावर फुगवलेला माल यात सापडतो. मग उलटं, रॅकवरच्या वस्तू यादीत शोधायच्या; नोंदीतून गाळलेला माल यात सापडतो. पुष्कळजण पहिलं करून चहाला जातात. मोजणी चालू असताना गाड्यांची ये-जा बंद, नाहीतर तोच माल दोन गोदामांत मोजला जातो. मोजलेल्या थप्पीवर खडूची खूण. आतल्या रांगेतली खोकी उघडून बघायचीच, रिकामी खोकी नेमकी तिथे असतात. जॉबवर्कला, म्हणजे नुसतं काम करून द्यायला, आलेला परका माल बाजूला काढायचा. शेवटच्या आवक नोंदीचा आणि माल बाहेर गेल्याच्या शेवटच्या चलनाचा नंबर तिथेच उभ्या उभ्या टिपायचा. बिल मार्चचं फाडलं आणि विकलेला माल अजून गोदामात असला, तर तो विक्रीतही धरला जातो आणि साठ्यातही. नफा आयता फुगतो. या कामात राखाडी सूट दुपारपर्यंतही टिकत नाही.

इथे मात्र छोट्या कंपनीला ऑडिटच माफ. एप्रिल 2025 पासून दीड कोटी पौंडांपर्यंत उलाढाल, 75 लाख पौंडांपर्यंत मालमत्ता, 50 पर्यंत कर्मचारी. तीनपैकी दोन अटी बसल्या की सहसा सूट. आपल्याकडे एका रुपयाची विक्री नसलेल्या कंपनीलाही ऑडिट चुकत नाही. त्यातल्या कित्येक सह्या निव्वळ सोपस्कार, हे कबूल. पण इथल्या त्या माफीवाल्या गोदामांत आतल्या रांगेतलं खोकं उघडायला कोण जातं?