खेप किती भरली?

१७ जानेवारी २०२५, शुक्रवार

आज एकदाची आमच्या उसाला तोड आली. तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयच्या मागे दीड महिना हेलपाटे घातले. तोडणीच्या टोळीला वरून द्यायची खुशाली वेगळी, ट्रॅक्टरवाल्याची वेगळी. दादा सकाळपासून कारखान्यावर चिडलेले. आपल्यालाच कुणी विचारत नाही, असं त्यांचं म्हणणं. कालपर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

आठला किटली घेऊन रानात गेले. निम्मा पट्टा मोकळा झाला होता. माणसं बीडची, धारूरकडची, पहाटे चारपासून बॅटरीच्या उजेडात लागलेली. एक बाई उसाच्या वाढ्यानं मोळी आवळत होती, मग तीच डोक्यावर घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढायची. फळी मधोमध लवायची, तिथं ती क्षणभर थांबायची आणि पुन्हा पाऊल टाकायची. दहा-बारा वेळा तरी मी बघितलं. माझ्या हातातला चहा गार झाला.

ती चहाला बसल्यावर विचारलं, हंगामाची आगाऊ उचल किती घेतली?

"कोयत्याला लाख. पैसे मालकांच्या हातात मिळत्यात, ताई."

कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, मालक म्हणजे तिचा नवरा. टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं. हिचं नाव कुठंच नाही, आणि राबते मात्र त्याच्याइतकीच. वर कोपीवरची, म्हणजे झोपडीतली चूल, पाणी, पोरं हिचीच.

घरी आल्यावर हिशोब मांडला. गेल्या वर्षी जानेवारीत संघटनांच्या आंदोलनानंतर तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तो टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. दोघांनी मिळून दिवसाला दोन टन पाडला तर सव्वासातशे-साडेसातशे. म्हणजे लाख फेडायला जवळजवळ एकशे सदतीस दिवस, तेही एकही खाडा न करता. यंदा ऊस कमी आहे, हंगाम तेवढे दिवस चालेल असं कुणीच म्हणत नाही. राहिलेली बाकी पुढच्या वर्षी अंगावर. मुकादम बदलायचा तर आधी ती फेडा.

खाडा झाला की उलट दंड, पाचशे रुपये. ती सहज बोलून गेली, "माझी पिशवी काढलीय, दोन वर्षं झाली. आता खाड्याचं टेन्शन नाही." तिशी-बत्तिशीची असेल. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीपुढं बीडचे आकडे आले होते. ब्याऐंशी हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात तेरा हजारांहून जास्त जणींनी गर्भाशय काढलेलं. तेव्हा पेपरात वाचलं आणि पान उलटलं. आज तो आकडा माझ्यासमोर बांधावर बसून बशीतून चहा पीत होता.

उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, यंदा टनाला ३,४०० रुपये, तोडणी-वाहतूक त्यातूनच कापतात. आमच्याही हातात फार काही उरत नाही, हे खरं. पण आम्हाला कारखान्याच्या दारात जाऊन भांडता येतं. आमचं मत तिथं मोजलं जातं, सभासद आहोत आम्ही. तिच्याशी कारखान्याचा कागदोपत्री करारही नाही. करार मुकादमाशी, आणि मुकादम सांगेल तो हिशोब.

संध्याकाळी पाण्याची घागर भरायला आली तेव्हा दबकत म्हणाली, "ताई, सकाळची खेप किती भरली ओ?"

वजनाचा मेसेज दुपारीच माझ्या मोबाइलवर आला होता. सतरा टन चारशे ऐंशी किलो. मी वाचून दाखवलं. तिनं दोनदा मनाशी म्हटलं, मग बरोबरच्या पोरीला सांगितलं. दहाएक वर्षांची असेल, गावची शाळा दिवाळीपासून सुटलेली. तिनं माझ्याकडं पेन मागितलं आणि तळहातावर आकडा लिहिला. सतराचा सात उलटा काढला, मग थुंकी लावून पुसला आणि नीट गिरवला.

उद्या दोन खेपा जाणार आहेत. मी मेसेज पुसणार नाहीये.